व्हाळातलं रानजायफळ

चि. नातीस,


तुझं पत्र वाचलं. येत्या पावसाळ्यात तुमच्या कॉलेजचं निसर्ग मंडळ पुण्याच्या टेकडीवर दुर्मीळ सदाहरित झाडं लावणार आहे आणि त्यासाठी आपल्या दोडामार्ग तालुक्यातून रानजायफळाच्या बिया पाठवाव्यात, असं तू लिहिलं आहेस. एक झाड धोक्यात आहे हे तुला कळलं आणि तू लगेच कामाला लागलीस, याचा मला फार आनंद झाला. पण बिया मी पाठवणार नाही. का, ते सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, तुझ्या मंडळातल्या मुलांनाही ते वाचून दाखव.

जायफळाच्या कुळातली पाच झाडं पश्चिम घाटात रानटी वाढतात. त्यांतली तीन डोंगरउतारावरच्या सदाहरित जंगलातही दिसतात. आपल्या गरम मसाल्यात पडणारी रामपत्री ही त्यांपैकीच एकाची. उरलेली दोन मात्र गोड्या पाण्याच्या दलदलीतच वाढतात. तुला हवं असलेलं रानजायफळ, म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिका, हे त्या दोघांमधलं. जगात ते पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही, आणि घाटातही अशा दलदली म्हणजे हिरव्या डोंगरांत विखुरलेले बारके तुकडे.

ही दलदल होते कशी, ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातलं बरंचसं पाणी जांभ्याच्या सड्यात आणि वरच्या जंगलाच्या मातीत मुरतं आणि पाऊस संपल्यावर हळूहळू खाली झिरपत राहतं. दोन डोंगरांच्या मधल्या खोलगट जागी व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, उतार एकदम कमी होतो, पाणी मंदावतं, पसरतं, वाळू आणि गाळ तिथेच बसतो. मे महिन्यातसुद्धा त्या जमिनीवर पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुततो. अशा चिखलात हवा नसते. साध्या झाडाची मुळं तिथे कुजतील. रानजायफळ मात्र खोडाच्या खालच्या भागातून चहूबाजूंना आधारमुळं सोडतं. ती चिखलात उतरतात, झाडाला तोलून धरतात आणि पाण्यावर राहिलेल्या भागातून श्वासही घेतात. त्याच्याच कुळातलं, त्याच दलदलीत राहणारं जिम्नॅक्रँथेरा तर गुडघा मुडपल्यासारखी मुळं चिखलातून वर काढतं आणि पुन्हा आत घालतं. खाडीकाठच्या खारफुटीत तू अशी मुळं पाहिली आहेस. इथे ती समुद्रापासून लांब, गोड्या पाण्यात आहेत.

म्हणूनच 1995 साली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या ब्रह्माकरमळीजवळच्या निरंकाराच्या रायीचं, म्हणजे देवराईचं, वर्णन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांनी त्या मुळांकडेच मुद्दाम लक्ष वेधलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, 1960 मध्ये, दक्षिणेकडे त्रावणकोरच्या जंगलातल्या अशा दलदलींची नोंद झाली होती, आणि 1968 मध्ये चँपियन आणि सेठ यांनी भारतातल्या वनांचं वर्गीकरण केलं तेव्हा या दलदलींना स्वतंत्र वनप्रकार म्हणून जागा दिली. आपल्या महाराष्ट्रात अशी दलदल आहे हे मात्र शास्त्राच्या जगाला कळायला 2018 साल उजाडलं. आपल्या तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे गावातली ती दलदल म्हणजे पश्चिम घाटातली सगळ्यात उत्तरेची, असं 'करंट सायन्स'मधल्या लेखात नोंदलं गेलं. पुढे कुंब्रललाही अशी जागा असल्याचं समजलं.

शास्त्राच्या जगाला, असं मी मुद्दाम म्हणतो. बांबर्ड्याच्या लोकांना ती झाडं ठाऊक होतीच. ती जागा देवाची राय आहे. रायीतली काठी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, हा नियम तिथे कुणी कागदावर लिहिला नव्हता. गावकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला, म्हणून 2018 मध्ये बघायला तिथे झाडं शिल्लक होती. आजूबाजूच्या अशाच ओल्या तळजमिनींवर कुळागरं झाली, भाताचे कुणगे झाले. सुपारीला आणि भाताला जी जमीन हवी, तीच रानजायफळाला हवी, हा या झाडाचा सगळ्यात मोठा दैवदुर्विलास. डोंगरमाथ्यावरच्या झाडाशी माणसाची स्पर्धा पूर्वी फारशी नसे. बारमाही पाण्याच्या सपाट जमिनीवर ती कायम असते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवलं होतं की बाकी जंगल गेल्यावरही या लहान लहान तुकड्यांत जुन्या वनस्पती टिकून राहतात. बांबर्ड्याची राय त्याचा चालताबोलता दाखला आहे. आता तिला जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळाचा दर्जा आहे. क्षेत्र किती? अडीच हेक्टरच्या आसपास. एका मध्यम शेतकऱ्याच्या काजूच्या बागेएवढं.

आता बियांकडे येतो.

रानजायफळाचं बी मोठं आणि पाणीदार असतं. धान्यासारखं वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाही; सुकलं की मेलं. कुरियरच्या खोक्यातून पुण्याला पोचेपर्यंत त्यातली बरीच गेलेली असतील. जी रुजतील ती टेकडीवरच्या मुरमात, उघड्या उन्हात, सातशे मिलिमीटर पावसाच्या गावात पहिला मार्च महिना पाहणार नाहीत. तुम्ही टँकरने पाणी घालाल, हे मला माहीत आहे. किती वर्षं घालाल? आणि समजा एखादं जगलंच, तर ते फळेल का?

इथे या झाडाची एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. जायफळाच्या कुळात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. दोन्हींना फुलं येतात, फळ फक्त मादीला धरतं, आणि तेही जवळपास नर असेल आणि त्याचा पराग बारीक भुंगेऱ्यांनी, कीटकांनी तिच्यापर्यंत नेला तरच. रोप लहान असताना नर की मादी हे ओळखता येत नाही. पहिल्यांदा फुलेपर्यंत वाट पाहावी लागते. आपल्या कोकणातल्या बागायतदारांना हे चांगलं ठाऊक आहे. नारळीच्या बागेतल्या लागवडीच्या जायफळाची दहा-एक मादी झाडं असतील तर एक नर ठेवतात, बाकीचे नर काढून टाकतात किंवा त्यांवर मादीची कलमं बांधतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' या जाती दिल्या आणि कलमांमुळे बागायतदाराची चिंता मिटली. बागेत हे अगदी योग्य आहे. पण तीच नजर घेऊन माणूस रानात शिरला की नाश करतो. फळ न धरणारं झाड वांझ समजून जळणाला तोडलं, तर कदाचित त्या व्हाळातला शेवटचा नर गेला. मग राहिलेल्या माद्या हिरव्यागार उभ्या राहतील, बघणाऱ्याला जंगल निरोगी वाटेल, आणि खाली एकही रोप उगवणार नाही. दूर टेकडीवर लावलेल्या चार-दोन झाडांचंही हेच होणार.

फळ तयार झालं की त्याचं तांबूस, लवदार कवच उकलतं आणि आत लालभडक पत्रीत गुंडाळलेलं बी दिसतं. ही पत्री माणसासाठी नसते, ती महाधनेश पक्ष्यासाठी असते. पत्रीत स्निग्धांश भरपूर. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला आणि पिलांना बाहेरून भरवत राहतो, तेव्हा असं पौष्टिक खाणं त्यांना मोलाचं पडतं. धनेश बी गिळतो, पत्री पचवतो आणि बी लांब कुठेतरी टाकतो. मोठं बी गिळू शकणारा पक्षीही मोठा हवा. बुलबुल, मैनेला हे काम जमणार नाही. म्हणजे रानजायफळ राखायचं तर धनेश हवा, धनेशाला ढोली असलेलं जुनं, जाडजूड झाड हवं, आणि वर्षभर त्याला पुरेल इतकं वड-उंबरांचं जंगल हवं. ते अडीच हेक्टरात मावत नाही. केरळातल्या दलदलींत अभ्यासकांनी आणखी एक पाहिलं: खाली पडलेल्या बिया खेकडे ओढून नेतात. तिथल्याच दलदलीतून 2013 मध्ये एक झाडबेडूक शास्त्राला नवा म्हणून मिळाला आणि त्याला नावच या दलदलीवरून दिलं गेलं. त्याचे नर पावसाळ्याच्या तोंडावर झाडावरून खाली उतरतात आणि मादी ओल्या चिखलात अंडी घालते. चिखल सुकला की बेडकाची ती पिढी गेली. झाड, पक्षी, खेकडा, बेडूक ही सगळी एकाच पाण्यावर जगतात.

आणि हे पाणीच आज धोक्यात आहे. रायीतल्या झाडाला सहसा कुणी कुऱ्हाड लावणार नाही. आपल्या भागात देवाची भीती अजून आहे आणि ती असावी, असं मला मनापासून वाटतं. पण रायीच्या वरचा डोंगर देवाचा नाही, तो सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाचा आहे. सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल असं खासगी मालकीचं. गेल्या काही वर्षांत दोडामार्गात जंगल विकलं गेलं, जेसीबीने डोंगर कापून पायऱ्या पाडल्या गेल्या, रबर आणि अननस लागले. वरचं जंगल गेलं की दोन गोष्टी होतात. पावसाळ्यात माती थेट खाली येते आणि दलदलीवर थर चढवते, श्वास घेणारी मुळं त्याखाली पुरली जातात. आणि उन्हाळ्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा झिरपणारं पाणी कमी होतं. त्यात कुणी वर बोअर मारला, कुणी व्हाळाला पाइप लावून पाणी बागेत वळवलं, तर रायीत एकही झाड न तोडता राय मरते. ती लगेच मरत नाही. मोठी झाडं वर्षानुवर्षं उभी असतात. आधी रोपं नाहीशी होतात. म्हणून दलदलीत गेलं की मी आधी वर पाहत नाही, खाली पाहतो. पायाशी निरनिराळ्या वयाची पोरं दिसली, वीतभर, हातभर, पुरुषभर, तर जीव भांड्यात पडतो.

जंगल विकणाऱ्याला मी दोष देत नाही, हेही लिहून ठेवतो. सड्यावर पीक नाही, मुलगा मुंबईला, घराचं छप्पर गळतंय, आणि कुणीतरी रोख पैसे घेऊन दारात उभा आहे. अशा वेळी 'जैवविविधता' म्हणून त्याने नाही म्हणावं, ही अपेक्षा शहरात बसून करणं सोपं आहे. त्याने जंगल ठेवलं म्हणून खालच्या गावाची विहीर मे महिन्यात आटत नाही. मग त्या पाण्याचे पैसे त्याला मिळायला नकोत का? न्यायालयाने 2013 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, ती गरजेची होतीच. पण बंदीने फक्त तोडणाऱ्याचा हात अडतो. जंगल राखणाऱ्याच्या हातात काही पडेल अशी सोय होत नाही, तोवर हा प्रश्न सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रेमापोटीही नुकसान होतं. राय 'सुधारायची' म्हणून कुणी पालापाचोळा झाडून काढतं. त्याच पाचोळ्यात बी रुजतं. जुन्या कौलारू देवळाच्या जागी काँक्रीटचं मोठं देऊळ, त्याला रस्ता, रस्त्याला भराव, आणि भरावाने व्हाळाची वाटच बदलते. उन्हाळ्यात पाणी अडवायला श्रमदानाने बंधारे घालतात, तेही चांगल्या हेतूने. इतर व्हाळांवर जरूर घालावेत. पण रानजायफळाला साचलेलं, खोल पाणी नको. मंद वाहणारा पातळ थर हवा. बंधाऱ्याने पाणी वर चढलं, तर आधी रोपं बुडतात. त्याला कोरडं पडूही द्यायचं नाही आणि बुडवायचंही नाही. ज्या पाण्यात ते हजारो वर्षं वाढलं, ते तसंच राहू द्यायचं.

रामपत्रीबद्दल एक सांगतो, कारण तू स्वयंपाकघरातही शिकते आहेस. बाजारात खऱ्या जायपत्रीच्या जोडीला लालसर, फारसा वास नसलेली पत्री मिळते. परदेशी व्यापारात तिला 'बॉम्बे मेस' म्हणतात. ती मायरिस्टिका मलबारिकाची, आणि ती मुख्यतः रानातून येते. जो आधी पोचेल त्याला माल, म्हणून फळ पिकायच्या आतच फांद्या छाटून काढतात. ते झाडही आता धोक्यात असलेल्या यादीत आहे. तुझ्या आजीने मसाल्यातून ती कधीच काढून टाकली. चवीत कुणाला फरक कळला नाही.

लागवड करूच नये, असं मी म्हणत नाही. ती कुठे आणि कशी, यावर सगळं आहे. उत्तर कन्नडमध्ये सिद्दापूरजवळ काथलेकान नावाचं दाट जंगल आहे. तिथल्या दलदलींत रानजायफळांच्या शेजारी बिब्ब्याच्या जातीचं एक झाड 2000 साली नव्याने सापडलं आणि त्याला त्या जंगलाचंच नाव दिलं: सेमेकार्पस काथलेकानेन्सिस. त्यातही नर-मादी वेगळे, आणि झाडं अगदी मोजकी. सिर्सीच्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी अशा दुर्मीळ झाडांची रोपं तयार केली आणि ती त्याच भागातल्या बिघडलेल्या दलदलींत परत लावण्याचं काम केलं. एम. डी. सुभाष चंद्रन यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षं त्या जंगलांत हिंडत राहिले. 2011 मध्ये अघनाशिनीच्या खोऱ्यात संवर्धन राखीव क्षेत्र झालं, तेव्हा तिथल्या सिंहपुच्छ माकडांबरोबर या दलदलींनाही संरक्षण मिळालं. लागवड करायची तर अशी: त्याच खोऱ्यातलं बी, थोड्याच अंतरावर, सावलीतली रोपवाटिका, आणि रोप जाणार ते पाणी अजून जिवंत असलेल्या व्हाळातच. सगळं बी गोळा करायचं नाही. धनेशाचा आणि खेकड्याचा वाटा जागेवर ठेवायचा. आणि आधी वरच्या डोंगराची सोय लावायची, रोपं त्यानंतर.

आता तुमच्या मंडळाने काय करावं, ते सांगतो. पुण्याच्या टेकडीवर पुण्याची झाडं लावा. तिथल्या मूळच्या झुडपांवर, गवतावर कुणाचंच लक्ष नाही. त्यासाठी तुम्हाला माझ्या परवानगीची गरज नाही. आणि आमच्यासाठी करायचं असेल, तर मे महिन्यात दोघी-तिघी या. मोठा घोळका आणू नका, चिखलात तुडवली गेलेली रोपं परत उभी राहत नाहीत. आल्यावर आधी गावातल्या मानकऱ्यांना भेटायचं, त्यांनी हो म्हटलं तरच रायीत पाऊल टाकायचं. प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदा लिहून कपाटात गेलेली असते. ती बाहेर काढून त्यात भर घालायला तरुण हात हवे आहेत. कोणतं झाड नर, कोणतं मादी, कुठे रोपं आहेत आणि किती उंचीची, धनेश कोणत्या महिन्यात येतात, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून आणि डोळ्यांनी पाहून लिहायचं. सगळ्यात महत्त्वाचं, व्हाळात एक खुणेची पट्टी रोवून डिसेंबर ते जून दर आठवड्याला पाण्याची पातळी नोंदवायची. गावातल्या शाळेची मुलं ते करू शकतील. तुम्ही त्यांना वही, पट्टी द्या आणि आकडे मांडायला शिकवा. उद्या वर कुणी डोंगर कापायला निघाला, तर त्याच्यापुढे ठेवायला ग्रामसभेकडे हे आकडे असतील. आज ते नाहीत. आहे ती फक्त आमची तक्रार, आणि तक्रार कुणी ऐकत नाही.

वर्गणी जमली असेल, तर रोपांच्या पिशव्यांवर खर्च करू नका. पट्ट्या, वह्या, एक पर्जन्यमापक आणि तुमचा एस.टी.चा खर्च एवढं त्यातून भागेल. राहिलेल्या पैशांचं काय करायचं, ते समितीच्या बैठकीत गावकरीच ठरवतील.

येताना पायात घट्ट बसणारे जुने बूट आण, चपला चिखल ओढून घेतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आलीस तर वळवाच्या आधीची, सगळ्यात कमी पाण्याची पातळी नोंदवता येईल. पहिली नोंद तीच हवी. तारीख कळव, म्हणजे मी मानकऱ्यांशी बोलून ठेवतो.

तुझे आजोबा